नेऱ्याचें भात आणि धंद्याचें भांडवल

मुळशी तालुक्यांत मार्गशीर्ष लागला कीं भाताची झोडणी संपत येते आणि खळ्यावरील रास घरांत येऊन पडते. त्यानंतर महिना दोन महिने शेतकऱ्याच्या ओसरीवर एकच चर्चा चालते: भात आतां विकावें कीं ठेवावें, आणि विकावयाचें तर भात म्हणून विकावें कीं तांदूळ करून विकावें? प्रश्न वरवर पाहतां बाजारभावाचा दिसतो. पण त्याचें मूळ भांडवलांत आहे. ज्याच्या गांठीं दोन पैसे आहेत तो थांबतो, भरडून घेतो, पिशव्या भरतो व गिऱ्हाईक शोधतो. ज्याच्या गांठीं नाहींत तो खळ्यावरच भात मोजून देतो आणि उन्हाळ्यांत तोच तांदूळ दुकानांतून विकत आणतो. नेरे गांव नजरेसमोर ठेवून आज या भांडवलाचा विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे. गांवांतील लहान धंद्यास पैसा कोठून मिळूं शकतो, तो कोणत्या अटींवर मिळतो, आणि मिळाला तरी पुरतो काय, हें शेतकरी बंधूंनीं स्वतःच्या हिशेबानें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नेरे हें मारुंजीच्या पलीकडे व कासारसाईच्या धरणाच्या अलीकडे वसलेलें मुळशी तालुक्यांतील गांव. मुळशी-मावळचा हा पट्टा आंबेमोहराचा म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध. पुढें वडगांव मावळ येथील संशोधन केंद्रांत आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून ‘इंद्रायणी’ निघाली आणि १९८७ सालीं ती प्रसारित झाल्यावर तिनें बहुतेक खाचरें व्यापलीं. एकीकडे हें वासाचें भात आणि दुसरीकडे अवघ्या कांहीं मैलांवर हिंजवडी. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत आली आणि चहूंकडून येऊन राहिलेली लाखो माणसें आपल्या शेजारीं जेवूं लागलीं. वासाचा तांदूळ खाणारें गिऱ्हाईक इतकें जवळ, इतकें मोठें आणि रोख पैसे देणारें महाराष्ट्रांत फारच थोड्या गांवांस लाभलें असेल. तथापि तें गिऱ्हाईक ज्या पिशवींतून तांदूळ घेतें, ती पिशवी बहुधा नेऱ्यांत भरलेली नसते. हें आम्हांस खटकतें.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्या गांवांत जमिनींना एवढे भाव आले, तेथें पैशाची वाण कसली? आक्षेप खोटा नाहीं. जमीन विकून आलेला पैसा या भागांत पुष्कळ आहे. परंतु तो बहुतेक घरांत बंगला, मोटार व लग्न या तीन वाटांनीं जातो, आणि जो उरतो तो भाड्याच्या खोल्या बांधण्यांत पडतो. खोल्या बांधणें वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. भाडें हें बिनकष्टाचें उत्पन्न खरेंच. पण ज्यानें अजून खाचर विकलेलें नाहीं, ज्याची दोन-अडीच एकरांत गुजराण चालली आहे, त्याच्यापाशीं हा पैसा नाहीं. आमचें बोलणें त्याच्याशींच आहे. धंदा उभा राहिला तर त्याची जमीन टिकेल. न राहिला तर पुढच्या एखाद्या अडचणींत तीही जाईल.

पुणें जिल्ह्यास कर्जाचा इतिहास नवा नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत याच जिल्ह्यांतील सुपें येथें कुळांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले आणि तो वणवा नगर जिल्ह्यापर्यंत गेला. त्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, मागाहून १८८३ व १८८४ चे तगाईचे कायदे आले, आणि १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा होऊन गांवोगांवीं सोसायट्या स्थापन होऊं लागल्या. पुणें जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक १९१७ ची. एवढें सगळें होऊनही, रिझर्व्ह बँकेनें १९५१-५२ सालीं देशभर पाहणी केली तेव्हां शेतकऱ्याच्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३.१ च निघाला. बाकीचें बहुतेक सावकार, व्यापारी व नातलग यांचें होतें. आज हें प्रमाण पुष्कळ बदललें आहे. खरीप पिकाचें कर्ज सोसायटीमार्फत मिळतें, आणि ३ लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास केंद्र व राज्य यांच्या सवलती मिळून व्याज पडूं नये अशी व्यवस्था महाराष्ट्रानें २०२१-२२ पासून केली.

मात्र पीककर्ज निराळें आणि धंद्याचें कर्ज निराळें. पीककर्ज बियाणें, खत व लावणीच्या मजुरीस पुरतें आणि सुगीला फिटतें. भातगिरणी, पापडाचें यंत्र, दूध थंड करण्याचें भांडें किंवा रोपवाटिकेचें हरितगृह यांत घातलेला पैसा पांच-सात वर्षांनीं सुटतो. पुष्कळ शेतकरी हा भेद न ओळखतां पीककर्जाची रक्कम धंद्यांत घालतात. मग मार्च महिना येतो, फेड होत नाहीं, सवलत जाते, आणि ती भरण्यासाठीं खासगी सावकाराकडे जावें लागतें. त्याविषयीं एवढें ध्यानांत असावें कीं, महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं परवानाधारक सावकाराससुद्धां शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर दरसाल दरशेंकडा ९ व बिनतारणी कर्जावर १२ यांहून अधिक व्याज घेतां येणार नाहीं, असे दर त्या सालीं ठरविण्यांत आले. महिन्याला शेंकडा तीन-पांच घेणारा मनुष्य कायद्याच्या बाहेर व्यवहार करीत असतो, आणि त्याविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करतां येते.

धंद्याच्या कर्जासाठीं जे दरवाजे आहेत त्यांपैकीं आमच्या भागास सर्वांत लागू पडणारा म्हणजे २०२० सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना होय. तिच्यांत एकट्या उद्योजकास यंत्र व बांधकाम यांच्या खर्चाच्या शेंकडा ३५, आणि अधिकांत अधिक १० लाख रुपये अनुदान ठेविलें आहे. स्वतःचे निदान शेंकडा १० घालावे लागतात. उरलेलें बँकेचें कर्ज. बचत गटांतून अन्नप्रक्रियेचें काम करणाऱ्या स्त्रियांस प्रत्येकीं ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळण्याची तरतूद तिच्यांत आहे. पापड, लोणचीं, कुरडया, तांदळाचें पीठ करणाऱ्या गटास याहून सोपी सुरवात आम्हांस माहीत नाहीं. योजना मुळांत २०२४-२५ पर्यंत होती, ती पुढें २०२५-२६ पर्यंत वाढविण्यांत आली. सरकारी योजनांच्या मुदती अशाच संपत व वाढत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं पौडास तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कचेरींत जाऊन सध्यां काय चालू आहे तें विचारून घ्यावें.

अन्नप्रक्रियेखेरीज इतर धंदे, म्हणजे लोहारकाम, अवजारांची दुरुस्ती, शिवण, छपाई, विटा यांसाठीं खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत चालणारा केंद्राचा २००८ चा रोजगार कार्यक्रम आणि त्याच धर्तीवर राज्यानें २०१९ सालीं काढलेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम असे दोन मार्ग निघाले. राज्याच्या कार्यक्रमाचे अर्ज जिल्हा उद्योग केंद्र व खादी ग्रामोद्योग मंडळ पाहतात. या दोहोंत अनुदानाचा दर ठरतो तो गांव ग्रामीण कीं शहरी यावर. सर्वसाधारण वर्गांतील अर्जदारास ग्रामीण भागांत शेंकडा २५ आणि शहरी भागांत १५. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमाति, माजी सैनिक, अपंग आदींस ग्रामीण भागांत ३५ आणि शहरींत २५.

या ठिकाणीं नेऱ्याच्या वाचकांनीं जरा थांबावें. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, सांगवडे, गहुंजे यांजबरोबर नेरे गांवही पिंपरी-चिंचवड महापालिकेंत घ्यावें, ही गोष्ट अनेकदां निघालेली आहे. रस्ते, पाणी, गटारें यांच्या दृष्टीनें तिचे गुणदोष लोक मांडतातच. परंतु ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली कीं गांव ग्रामीण राहत नाहीं, आणि १० लाखांच्या धंद्यास जेथें अडीच लाख अनुदान मिळावयाचें तेथें दीड लाख मिळूं लागतें, हा मुद्दा या चर्चेंत आमच्या कानांवर कधीं आला नाहीं. ज्यांस धंदा काढावयाचाच आहे त्यांनीं तो महापालिकेची वाट पाहत ठेवूं नये. तसेंच सबंध मुळशी तालुका २०१५ च्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दींत असल्यामुळें, ज्या गटांत गिरणी घालावयाची तो आराखड्यांत कोणत्या विभागांत पडतो तें आधीं पाहावें. यंत्र येऊन पडल्यावर परवानगी अडली तर हप्ता कांहीं थांबत नाहीं.

आतां हिशेब. कागदावरील शेंकडा ३५ वाचून पुष्कळांस असें वाटतें कीं सरकार एकतृतीयांश पैसे हातांत देतें आणि मग धंदा सुरू होतो. क्रम उलटा आहे. समजा, एक लहान भातगिरणी, पाखडणी व पिशव्या शिवण्याचें यंत्र आणि पत्र्याचें छप्पर मिळून १० लाख रुपयांस पडलें. घरचा १ लाख. बँक ९ लाख कर्ज देईल. अनुदानाचे साडेतीन लाख मागाहून बँकेकडे येतात आणि तीन वर्षें निराळ्या खात्यांत राहतात. त्या रकमेपुरतें व्याज बँक लावीत नाहीं, आणि तीन वर्षें कर्जखातें सुरळीत व धंदा चालू राहिला तरच ती रक्कम कर्जांत वळती होते. म्हणजे अनुदान हें बक्षीस आहे, तें फेडीच्या शिस्तीवर मिळतें. दुसरें असें कीं, अनुदान येईपर्यंत व्याज सबंध ९ लाखांवर चालतें. व्याजाचा दर १० धरला आणि अनुदानास आठ महिने लागले, तर साडेतीन लाखांवरील जादा व्याजच २३,००० रुपयांच्या वर जातें. ही रक्कम कोणत्याही अर्जाच्या नमुन्यांत लिहिलेली नसते. ती आपली आपण बाजूस काढून ठेवावी लागते.

पुढें चला. अनुदान वजा जातां खरें कर्ज साडेपांच लाख. तें पांच वर्षांत शेंकडा १० नें फेडावयाचें तर महिन्याचा हप्ता सुमारें ११,७०० रुपये येतो. हा हप्ता गिरणीनें कमवावा कसा? लहान गिरणींत एक क्विंटल भाताचा सुमारें ६२ किलो तांदूळ पडतो असें हिशेबापुरतें धरूं. २०२५-२६ सालच्या खरिपाचा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलास २,३६९ रुपये. ६२ किलो तांदूळ ६० रुपयांनीं विकला तर ३,७२० होतात. मधले १,३५१ रुपये पाहून तोंडास पाणी सुटतें. परंतु इंद्रायणीचें भात हमीभावानें कोणी देत नाहीं, तें वर चढून घ्यावें लागतें. शिवाय वीज, मजुरी, तुटीचे कण, पिशवी, वाहतूक, दुकानदाराची सूट, उधारींत बुडालेली रक्कम आणि पावसाळ्यांत बंद राहिलेले दिवस, हें सगळें त्यांतूनच जातें. धंद्यांत नवा उतरणाऱ्यानें हिशेब नेहमीं कडू धरावा. म्हणून किलोमागें निव्वळ ४ रुपये सुटतात असें आम्ही मानतों. तेव्हां ११,७०० चा हप्ता भरण्यास महिन्यास २९ क्विंटल तांदूळ, म्हणजे सुमारें ४७ क्विंटल भात भरडून विकलें पाहिजे. वर्षास साडेपांचशें क्विंटलांहून अधिक. एकरीं १२ क्विंटल भात धरल्यास हें सत्तेचाळीस एकरांचें पीक झालें.

सत्तेचाळीस एकर! आणि तेंही घरांत खावयास एक दाणा न ठेवतां, शिवाय मालकाच्या स्वतःच्या श्रमाचें मोल न धरतां. अडीच एकरांच्या शेतकऱ्यास हें एकट्यानें झेपणारें नाहीं, हें निराळें सांगावयास नको. गांवोगांव शेडमध्यें गंजत पडलेलीं यंत्रें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्या मालकांनीं चोरी केली नव्हती, आळसही केला नव्हता. त्यांनीं अनुदान किती मिळेल याचा हिशेब केला आणि माल किती मिळेल याचा केला नाहीं. ज्या घरीं हा प्रसंग आला तेथें शेवटीं खाचर विकून बँक भागविली गेली, आणि भात पिकविणारा मनुष्य भात टिकविण्याच्या नादांत भाताला मुकला.

यावर उपाय आहे, आणि तो फार जुना आहे. वीस घरांनीं मिळून एक गिरणी घालावी. सत्तेचाळीस एकर एका घरापाशीं नसले तरी वीस घरांपाशीं असतात. यासाठीं नवी संस्था काढण्याचीही गरज नाहीं. केंद्र सरकारनें २०२२ सालीं गांवोगांवच्या सोसायट्यांचे हिशेब संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली, आणि २०२३ मध्यें त्यांच्यासाठीं नमुन्याचे उपविधि तयार करून दूध, गोदाम, धान्यप्रक्रिया, खतविक्री असे पंचवीसांहून अधिक व्यवसाय करण्याची वाट मोकळी केली. पीककर्ज वांटणें आणि मार्च अखेर वसुलीसाठीं दारोदार हिंडणें एवढेंच ज्या सोसायटीचें काम उरलें आहे, तिला स्वतःच्या गिरणीचा विचार करावयास कोणी मना केलेली नाहीं. पिकोत्तर कामांसाठीं २०२० सालीं काढलेल्या एक लाख कोटींच्या कृषि पायाभूत सुविधा निधींतून गोदाम व प्राथमिक प्रक्रियेच्या २ कोटींपर्यंतच्या कर्जास व्याजांत शेंकडा ३ ची सूट ठेविली गेली; वरील साडेपांच लाखांच्या उदाहरणांत पहिल्या वर्षीं ती १६,५०० रुपयांच्या घरांत जाते. एकाच यंत्रावर दोन अनुदानें मिळत नाहींत. पण अन्नप्रक्रियेचें अनुदान व ही व्याजाची सूट एकत्र घेण्यास वाव ठेविलेला आहे, याची चौकशी अर्जाच्या वेळींच करावी.

वीस घरें एकत्र येत नाहींत, ही तक्रार आम्हांस ठाऊक आहे. भाऊबंदकी, बांध, मागच्या निवडणुकीचा राग. कारणें गांवास पुरून उरतात. आमचा अनुभव असा कीं, पुरुषांच्या आधीं स्त्रिया एकत्र येतात. नाबार्डनें १९९२ सालीं पांचशें गटांपासून बँकांशीं जोडणी सुरू केली तेव्हां शहरी लोक हंसले होते. १९७५ चें महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ नंतरचें ‘उमेद’ अभियान यांनीं तें काम महाराष्ट्रांत घरोघर नेलें. नियमित बैठक, नियमित बचत, गटांतले गटांत कर्ज, वेळेवर फेड आणि लिहिलेला हिशेब, ही त्यांची पंचसूत्री. ज्या गटाची वही पांच वर्षें चोख आहे त्यास बँकेचा अधिकारी खुर्ची देतो. ज्या बागायतदाराच्या सातबाऱ्यावर तीन बोजे आहेत त्यास देत नाहीं. सुनेच्या गटाची वही ही घराची पत आहे हें सासऱ्यानें ओळखलें म्हणजे झालें.

एकट्यानेंच कांहीं करावयाचें असेल तर लहान करावें. २०१५ पासून मुद्रा योजनेखालीं ५०,००० पर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ व १० लाखांपर्यंत ‘तरुण’ अशीं बिनतारणी कर्जें आहेत. ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यास २०२४ पासून २० लाखांपर्यंतची मर्यादा ठेविली. मराठा समाजांतील तरुणांस अण्णासाहेब पाटील आर्थिक विकास महामंडळामार्फत बँकेच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. त्यांतही मेख तीच कीं हप्ता आधीं आपण भरावा, परतावा मागाहून यावा. लहान उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास बँकांनीं तारण मागूं नये असें रिझर्व्ह बँकेनें २०१० सालींच सांगितलें आहे. तरीही एका शाखेंत आमच्यासमोर एका तरुणास शेताचे कागद घेऊन ये म्हणून परत धाडण्यांत आलें. त्यानें नियमाचा आधार देऊन लेखी उत्तर मागितलें, तेव्हां कागदांची गोष्ट मागें पडली. मागणी लेखी असावी आणि नकारही लेखी मागावा, हें त्यावरून आम्हीं शिकलों.

दलालांविषयीं दोन शब्द. ‘अनुदान मंजूर करून देतों, दहा टक्के द्या’ म्हणणारे लोक तालुक्याच्या ठिकाणीं फिरत असतात. अन्नप्रक्रियेच्या योजनेंत अर्जदारास अहवाल करून देण्यासाठीं व बँकेपर्यंत साथ देण्यासाठीं प्रत्येक जिल्ह्यांत माणसें नेमलेलीं होतीं आणि त्यांचा मोबदला सरकार देत आलें. शेतकऱ्यानें त्यांस कांहीं द्यावयाचें नसतें. उद्यम नोंदणीस २०२० पासून शुल्कच नाहीं. खाद्यपदार्थ विकावयाचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी अवश्य लागते, तीही स्वतः करतां येण्यासारखी आहे.

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. त्या वेळीं भात पोटरींत असतें व शेतकऱ्यास थोडी उसंत असते. तेव्हां गिरणीचा विषय सभेपुढें यावा असें ज्यांस वाटेल त्यांनीं तो सभेची नोटीस निघण्यापूर्वींच सचिवाकडे लेखी द्यावा, पोंच घ्यावी, आणि आपल्याबरोबर आणखी किती घरें किती क्विंटल भात गिरणीस घालण्यास तयार आहेत त्यांची सह्यांची यादी जोडावी. यादींतील क्विंटलांची बेरीज साडेपांचशेंच्या खालीं आली तर यंत्र लहान घ्यावें, किंवा मारुंजी व जांब्याच्या शेतकऱ्यांस विचारावें.